येशूच्या निष्पापपणाची तपासणी: नाशिकच्या वाचनगटासाठी कामाची पद्धत

रामाने वालीला आडून का मारलं, शूर्पणखेचं नाक कापावं एवढा तिचा गुन्हा होता का, गरोदर सीतेला वनात का धाडलं? पंचवटीत हे प्रश्न कीर्तनकार स्वतःच काढतात आणि आपल्या परीने सोडवतातही. येशूच्या चरित्राबद्दल अशी शंका काढायची रीत मात्र आपल्याकडे रुळलेली नाही. ख्रिस्ती घरात ती निघाली तर श्रद्धा डळमळली असं समजतात, बाहेरच्याने काढली तर टिंगल समजतात. बऱ्याचदा ती टिंगलच असते. व्हॉट्सअ‍ॅपवर येशूने शापलेल्या अंजिराच्या झाडाचं एक वचन येतं, त्याखाली हसरे चेहरे येतात, आणि मार्कच्या शुभवर्तमानातला तो अख्खा अध्याय कुणी उघडलेला नसतो.

खाली दिलेली पद्धत आठ ते बारा जणांच्या गटासाठी आहे. गटात ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती दोन्ही असतील असं धरलं आहे. नसतील तर निदान दोन ख्रिस्ती वाचक मिळेपर्यंत थांबा. चार बैठका, प्रत्येक बैठक दीड तासाची, मध्ये आठवड्याचं अंतर. येशू नैतिकदृष्ट्या निर्दोष होता हा दावा शुभवर्तमानांच्या, म्हणजे मार्क, मत्तय, लूक आणि योहान या बायबलमधल्या चार येशूचरित्रांच्या, मजकुरात कुठे टिकतो आणि कुठे अडतो, हे ओळीवर बोट ठेवून पाहायचं, एवढंच काम. त्यासाठी सगळ्यात उपयोगी पडणारं तंत्र साधं आहे: एकच प्रसंग तीन-चार शुभवर्तमानांतून काढून शेजारी शेजारी लावायचा. येशूबद्दलचे अवघड प्रश्न बाहेरच्या टीकाकारांच्या कितीतरी आधी खुद्द मत्तय, लूक आणि योहान यांना पडले असावेत असं त्या कागदावर दिसतं.

जमवाजमव

ए-३ आकाराचा कागद आडवा धरून तीन रकाने करा: मार्क, मत्तय, लूक. मार्क आधी, कारण मत्तय आणि लूक यांनी तो समोर ठेवून लिहिलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. चौथा अरुंद रकाना योहानासाठी आणि हातानं लिहायच्या टिपांसाठी. प्रत्येक प्रसंगाचा एक कागद, प्रत्येकाला एक झेरॉक्स. मोबाइलवरून वाचू देऊ नका. पडद्यावर एका वेळी एकच रकाना दिसतो आणि तुलना मनातल्या मनात होते, म्हणजे होतच नाही. छापील मजकूर बायबल सोसायटीच्या मराठी ‘पवित्र शास्त्रा’चा घ्या आणि टेबलावर एखादं सोप्या मराठीतलं भाषांतर आणि एक कॅथलिक आवृत्ती ठेवा. एका भाषांतरावर कुणी अडून बसलं की दुसरं उघडायचं.

रंगीत पेन्सिली तीन. तिन्ही रकान्यांत जे सारखं आहे त्याखाली हिरवी रेघ, एकाच रकान्यात आहे त्याखाली लाल, जे शब्द बदलून आलं आहे त्याखाली निळी. रेघा मारताना बोलायचं नाही. हा नियम शाळकरी वाटतो खरा, पण पहिली वीस मिनिटं शांततेत गेली नाहीत तर पुढचा तासभर फक्त आठवणीतली मतं ऐकावी लागतात.

जागा देवळाच्या सभामंडपात नको आणि चर्चच्या हॉलमध्येही नको. वाचनालयाची खोली, कॉलेजचा वर्ग, कुणाचं दिवाणखान्यासारखं ऑफिस चालेल. तारखा ठरवताना ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस, आणि त्यातला शेवटचा पवित्र सप्ताह तर नक्कीच, टाळा. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते, तो शनिवार-रविवारही सोडा. ख्रिस्ती माणूस उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आठवड्यात हे प्रश्न ऐकून घेईल, पण त्याच्या मनाची ती वेळ नसते.

आणि ख्रिस्ती सभासदांना पाहुण्यासारखं वागवू नका. शरणपूर मिशनने १८५४ मध्ये वसवलं. गुलामगिरीतून सुटका झालेली आफ्रिकी मुलं इथे शिकली आणि त्यांतलीच काही पुढे आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या प्रवासात त्याच्याबरोबर होती. लक्ष्मीबाई टिळक इथल्याच जलालपूरच्या. नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत १९८७ चा. ‘तुमच्या धर्मात’ अशी सुरुवात करणाऱ्याला इथेच थांबवलेलं बरं.

दावा नेमका कोणता

पहिल्या बैठकीतला पहिला अर्धा तास फळ्यावर तीन वाक्यं लिहिण्यात घालवा. एक: येशूने कधीही पाप केलं नाही. दोन: त्याला पाप करणं शक्यच नव्हतं. तीन: त्याची शिकवण नैतिकदृष्ट्या सर्वश्रेष्ठ आहे. बोलताना ही तिन्ही एकच वाटतात. तपासताना ती तीन वेगळी कामं आहेत. अंजिराचं झाड पहिल्या दाव्याला भिडतं. नरकाची शिकवण तिसऱ्याला भिडते, पहिल्याला नाही. दुसऱ्या दाव्याला कोणताच एकटा प्रसंग भिडत नाही, तो देवशास्त्राचा भाग आहे.

नव्या करारात (बायबलच्या येशूनंतरच्या भागात) पहिला दावा स्पष्ट आहे (आकडे अध्याय आणि वचनाचे): इब्री ४:१५, २ करिंथ ५:२१, १ पेत्र २:२२, १ योहान ३:५. योहान ८:४६ मध्ये येशू विरोधकांनाच विचारतो की माझ्यावर पाप कोण सिद्ध करतो. बिशपांच्या खाल्सेदोन इथल्या परिषदेने इसवी सन ४५१ मध्ये पाप सोडून बाकी सर्व बाबतींत तो आपल्यासारखा, असं सूत्र ठरवलं. ही सगळी वचनं पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचा. त्याच दमात लूक २:५२ आणि इब्री ५:८ सुद्धा वाचा. पहिल्यात तो ज्ञानाने वाढत गेला असं आहे, दुसऱ्यात जे सोसलं त्यातून तो आज्ञाधारकपणा शिकला असं आहे. शिकणं म्हणजे पाप नव्हे. पण जन्मापासून सगळं पूर्ण होतं, असा जो घरगुती समज असतो त्याला ही दोन वचनं आड येतात, आणि पुढे कनानी बाईच्या प्रसंगात ती लागणार आहेत.

इथे एक फाटा येतो. गटातलं कुणीतरी म्हणतं, ‘तो देव आहे, म्हणून त्याने जे केलं ते चांगलंच.’ हे उत्तर खोडू नका आणि हसूही नका. फक्त फळ्याच्या कोपऱ्यात लिहा: या व्याख्येने कोणतीही कृती चांगलीच ठरते, म्हणून या व्याख्येखाली तपासणी होत नाही. ज्याला ती व्याख्या सोडायची नाही त्याने गटात बसावं, रेघा माराव्यात, निकालाच्या वेळी मत देऊ नये. माणसं हे सहसा मान्य करतात.

मोजपट्टीही आधी ठरवा. तीन असतात: त्या काळच्या यहुदी नियमशास्त्राची, येशूच्या स्वतःच्या शिकवणीची आणि आजची आपली. तिसरी सगळ्यांच्या हाताशी असते म्हणून सगळे तीच उचलतात, आणि ‘काळ वेगळा होता’ एवढं म्हटलं की ती गळून पडते. दुसरी सगळ्यात कठोर. डोंगरावरच्या प्रवचनात (मत्तय ५ ते ७) तो जे मागतो ते तो स्वतः पाळतो का, या प्रश्नाला काळाची सबब लागू होत नाही. उदाहरण छोटं आहे: मत्तय ५:२२ मध्ये भावाला मूर्ख म्हणणाऱ्याला नरकाग्नीची ताकीद, आणि मत्तय २३:१७ मध्ये शास्त्री-परूश्यांना, म्हणजे यहुदी धर्मपंडितांना, तोच शब्द. बचाव असा की पहिलं खासगी रागाबद्दल आहे आणि दुसरं संदेष्ट्याचं जाहीर फटकारणं आहे. बरा बचाव आहे, पण मत्तय ५ मध्ये अशी सूट लिहिलेली नाही, एवढं कागदावर नोंदवा आणि पुढे चला.

कुठून सुरुवात करावी: बाप्तिस्मा

पहिल्या बैठकीचा उरलेला तास बाप्तिस्म्याला द्या. प्रसंग सौम्य आहे, कुणाला टोचत नाही, आणि तंत्र हातात बसतं.

मार्क १:४ म्हणतो की योहान (शुभवर्तमानाच्या नावातला नव्हे, बाप्तिस्मा करणारा योहान) पापक्षमेसाठी पश्चात्तापाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यातलं धार्मिक स्नान, देत होता. १:९ मध्ये येशू येऊन तो घेतो. खुलासा काही नाही. मत्तय ३:१४-१५ मध्ये दोन ओळी जास्त आहेत: योहान त्याला अडवतो, मीच तुझ्याकडून घ्यायला हवा म्हणतो, आणि येशू धार्मिकता पूर्ण करण्यासाठी होऊ दे म्हणतो. लाल रेघ इथे पडते. लूक ३:२० मध्येच योहान तुरुंगात गेल्याचं सांगून टाकतो आणि मग ३:२१ मध्ये येशूचा बाप्तिस्मा ओझरता उरकतो; कुणी दिला ते त्या वाक्यात नाहीच. चौथ्या शुभवर्तमानात योहान त्याला पाहून जगाचं पाप हरण करणारा कोकरा म्हणतो (१:२९), पण प्रत्यक्ष बाप्तिस्म्याचं वर्णन येत नाही.

चार रकाने पाहिल्यावर गटाला विचारा: मत्तयाला ती दोन वाक्यं घालावीशी का वाटली असतील? उत्तर मिळायला वेळ लागत नाही. निष्पाप माणूस पापक्षमेचं स्नान का करतो, ही शंका पहिल्या शतकातल्या वाचकांनाही आलेली होती. येशूने पाप केलं होतं असं यातून सिद्ध होत नाही. प्रश्न जुना आहे आणि घरचा आहे, एवढं सिद्ध होतं. तेवढंच लिहा.

अंजिराचं झाड

दुसरी बैठक. मार्क ११:१२-२५, मत्तय २१:१२-२२, लूक १३:६-९. मार्कचा भाग सलग वाचा, मधला मंदिराचा प्रसंग गाळू नका.

मार्कमध्ये येशूला भूक लागते, लांबून पानं असलेलं अंजिराचं झाड दिसतं, जवळ गेल्यावर पानांखेरीज काही नसतं, ‘कारण तो अंजिरांचा हंगाम नव्हता’. तो झाडाला म्हणतो, यापुढे तुझं फळ कुणी खाऊ नये. मग मंदिरात सराफांचे चौरंग उलथणं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाड मुळापासून वाळलेलं. मत्तयात मंदिराचा प्रसंग आदल्या दिवशीच होऊन गेलेला आहे, झाड तिथल्या तिथे वाळतं, आणि हंगाम नसल्याचं वाक्य गायब आहे. लूकमध्ये शाप नाहीच. तिथे एक दाखला आहे: तीन वर्षं फळ न देणारं अंजीर तोडायला मालक सांगतो, आणि माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो.

द्राक्षबागायतदाराला हे वाचायला दिलं तर तो आधी महिना विचारतो, आणि योग्य विचारतो. हे घडतं ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमाराला, आणि तो सण मार्च-एप्रिलचा. त्या भागात अंजिराला पानं याच सुमाराला फुटतात. जुन्या लाकडावरचा पहिला बहार उन्हाळ्याच्या तोंडी पिकतो, मुख्य पीक उन्हाळा सरता सरता येतं. पानांबरोबर जुन्या लाकडावर हिरवी, कच्ची बोंडं असतात आणि ती खाल्ली जातात. यावरून पहिला बचाव उभा राहतो: पानं दिसली म्हणजे बोंडं हवी होती, झाड दिखाऊ निघालं. बचाव वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. अडचण मार्कच्या वाक्याची आहे. झाडाचा दोष दाखवायचा असता तर हंगाम नव्हता हे सांगायचं कारण नव्हतं; एप्रिलमध्ये खरड छाटणी केलेल्या वेलीला घड नाहीत म्हणून कुणी बोल लावत नाही.

दुसरा बचाव जास्त भक्कम. मार्कला एका प्रसंगाच्या पोटात दुसरा प्रसंग ठेवायची सवय आहे. पाचव्या अध्यायात याईराच्या मुलीच्या गोष्टीत रक्तस्रावाच्या बाईची गोष्ट येते, तसंच. इथे झाड, मंदिर, पुन्हा झाड. झाड म्हणजे मंदिर: पानं भरपूर, फळ नाही. यिर्मया ८:१३ आणि मीखा ७:१ मध्ये अंजीर नसलेलं झाड हे इस्राएलाचं चित्र आहेच. संदेष्टे अशा प्रतीकात्मक कृती करत. हे मान्य केलं की बालिश रागाचा आरोप बराच सैल होतो.

मग उरतं काय? ‘त्याला भूक लागली’ हे शब्द उरतात. निव्वळ प्रतीक असेल तर भुकेची गरज नव्हती. शिवाय मार्क ११:२२ पासून येशू स्वतः या घटनेचा धडा सांगतो तो मंदिराचा नाही, विश्वासाने केलेल्या प्रार्थनेच्या सामर्थ्याचा आहे. शेवटच्या तक्त्यात निकालाला तीन शब्द आहेत: शंका मिटली, अर्धी मिटली, किंवा उभी राहिली. आमचा निकाल इथे ‘अर्धी’: नैतिक गुन्हा म्हणून आरोप कमकुवत, पण मत्तयाने हंगामाचं वाक्य काढलं आणि लूकने शाप गाळून क्षमेचा दाखला ठेवला, यावरून ही गोष्ट जशीच्या तशी सांगणं दोघांनाही जड गेलं असं म्हणता येतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलने ६ मार्च १९२७ रोजी बॅटरसी टाउन हॉलमधल्या व्याख्यानात हे झाड वापरलं आणि तेव्हापासून ते सगळीकडे वापरलं जातं. मंदिराच्या प्रसंगाशी त्याचा असलेला सांधा त्यात सुटून जातो.

त्याच बैठकीत वेळ उरला तर डुकरांचा प्रसंग (मार्क ५:१-२०) पंधरा मिनिटांत घ्या. येशू एका माणसातून काढतो ती भुतं डुकरांच्या कळपात शिरतात आणि सुमारे दोन हजार डुकरं कड्यावरून समुद्रात; हा आकडा फक्त मार्क देतो. मत्तय आणि लूक देत नाहीत. कुणाच्या तरी मालकीचं जित्राब गेलं आणि भरपाईचा शब्द नाही, हा आक्षेप खरा आहे. पण मार्क ज्याच्या मुलखात हे घडलं म्हणतो ते गरसा शहर समुद्रापासून पन्नासेक किलोमीटर लांब, हस्तलिखितांत गावाचं नाव तीन प्रकारे येतं, भुतांचं नाव ‘सैन्य’ आणि पुढे यरुशलेमात तळ ठोकलेल्या रोमच्या दहाव्या सैन्यदलाच्या चिन्हांत रानडुक्कर. इथे घटनेपेक्षा व्यंग जास्त असण्याची शक्यता आहे. यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

कनानी बाई

तिसरी बैठक पूर्ण याच प्रसंगाला. आमच्या मते शुभवर्तमानांतला हा सगळ्यात कठीण उतारा आहे. झाडाला भावना नसतात. इथे समोर आजारी मुलीची आई आहे.

मार्क ७:२४-३० आणि मत्तय १५:२१-२८. लूकचा रकाना रिकामा राहील. तो रिकामा पाहून ‘बघा, लूकला लाज वाटली’ असं कुणीतरी म्हणणारच, कारण आदल्या आठवड्यात तेच तंत्र शिकवलं. इथे ते चुकतं. लूकने मार्क ६:४५ पासून ८:२६ पर्यंतचा सलग पट्टाच घेतलेला नाही, त्यामुळे या एका प्रसंगाच्या गैरहजेरीवरून काही काढता येत नाही. गाळलेल्या ओळीवरून अनुमान काढायचं असेल तर आजूबाजूचं शिल्लक असलं पाहिजे, हे इथेच सांगून ठेवा.

मार्कमध्ये येशू सोर प्रांतात एका घरात गुपचूप उतरलेला. सुरफुनीकी, म्हणजे यहुदी नसलेली, बाई येते, पाया पडते, मुलीतलं भूत काढ म्हणते. तो म्हणतो, आधी मुलांना पोटभर खाऊ दे. मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना टाकणं बरं नाही (मुलं म्हणजे इस्राएल, कुत्री म्हणजे बाहेरचे). ती म्हणते, टेबलाखालची कुत्रीही मुलांचा चुरा खातातच की. तेव्हा तो म्हणतो, या बोलण्यासाठी जा, तुझ्या मुलीतून भूत निघून गेलं. मत्तयात उतारा जास्त कडक होतो: बाई कनानी, येशू आधी उत्तरच देत नाही, शिष्य तिला घालवून द्या म्हणतात, मग इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांखेरीज मला पाठवलेलं नाही असं तो म्हणतो, आणि मार्कमधलं ‘आधी’ मत्तयात नाही. शेवटी मात्र तो तिच्या विश्वासाची थोरवी सांगतो. म्हणजे मत्तय नेहमी मऊच करतो हा समजही इथे मोडतो.

बचाव चार येतात, चारही फळ्यावर लिहा. तो तिची परीक्षा पाहत होता. मूळ ग्रीक शब्द पाळलेल्या कुत्र्याचा आहे, रस्त्यावरच्या नाही. ‘आधी’ म्हणजे क्रम, नकार नव्हे. तिच्या उत्तराने तो शिकला.

परीक्षेचा बचाव सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात कच्चा. मजकुरात परीक्षेचा उल्लेख नाही, आणि लेकरू आजारी असलेल्या आईची अशी परीक्षा घेणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू? पाळीव कुत्र्याच्या बचावाने अपमान लहान होतो, जात नाही. क्रमाचा बचाव मार्कपुरता टिकतो. त्याला प्रेषितांची कृत्ये १२:२० मधून थोडा टेकू मिळतो: सोर-सिदोनचं धान्य गालीलकडच्या राजाच्या मुलखातून यायचं. श्रीमंत बंदराच्या ताटात शेतकऱ्याच्या पोरांची भाकर जाते, अशी त्या वाक्याला आर्थिक धार असू शकते. पण त्या बाईने कुणाची भाकर खाल्ली होती?

चौथा बचाव सगळ्यात प्रामाणिक वाटतो, आणि तोच दाव्याला सगळ्यात महाग पडतो. तो शिकला असेल तर लूक २:५२ शी जुळतं, बाई या गोष्टीची नायिका ठरते, आणि संवादात हरलेला येशू फक्त इथेच दिसतो. पण शिकण्याआधी तो जे बोलला ते चूक होतं असं मग म्हणावं लागतं. ‘चूक पण पाप नाही’ अशी फट ठेवायची का, यावर गटाला वीस मिनिटं द्या.

एक काळजी घ्या. मुलांची भाकर, टेबलाखालचा चुरा, बाहेर थांबलेली बाई: महाराष्ट्रात हे शब्द उष्ट्याची आणि दाराबाहेरच्या माणसाची आठवण घेऊन येतात. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी याच शहरात सुरू झाला. दलित ख्रिस्ती घरातून आलेल्या वाचकाला हा उतारा वेगळा ऐकू येईल. त्याला आधी बोलू द्या. त्याच्यावर बोलण्याची सक्ती मात्र करू नका.

‘मला उत्तम का म्हणतोस’

चौथ्या बैठकीचा पहिला भाग. मार्क १०:१७-१८ मध्ये एकजण ‘उत्तम गुरुजी’ म्हणून हाक मारतो आणि येशू म्हणतो, मला उत्तम का म्हणतोस, देवाखेरीज कुणी उत्तम नाही. लूक १८:१९ तेच ठेवतो. मत्तय १९:१६-१७ मध्ये ‘उत्तम’ हा शब्द गुरूपासून उचलून कृतीला लावलेला आहे: मी कोणतं चांगलं काम करू? आणि उत्तर, चांगल्याविषयी मला का विचारतोस? उशिराच्या काही हस्तलिखितांत मत्तयाचं वाक्य परत मार्कसारखं केलेलं सापडतं, म्हणून जुन्या आणि नव्या भाषांतरांत इथे फरक दिसू शकतो.

पारंपरिक उत्तर असं की येशू नाकारत नाही, विचारणाऱ्याला टोकतो: मला उत्तम म्हणतोस तर मी कोण हे समजून म्हण. मार्कच्या वाक्यात हे बसू शकतं. पण साधा वाचक ऐकतो तो नम्र नकार, आणि मत्तयालाही तोच ऐकू आला असावा, नाहीतर त्याने वाक्य हलवलं नसतं. निष्पापपणाच्या चर्चेत हा उतारा इतरांहून जड का, ते गटाला सांगा: बाकीच्या ठिकाणी आपण येशूवर मोजपट्टी लावतो, इथे तो स्वतःच लावतो.

योहान ७:८-१० ही चुटपुट इथेच आटपा. या सणाला मी जात नाही असं भावांना सांगून तो मागून गुपचूप जातो. काही जुन्या हस्तलिखितांत ‘जात नाही’ आहे, काहींत ‘अजून जात नाही’. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा टीकाकार तत्त्वज्ञ पोर्फिरी याने यावरून चंचलपणाचा आरोप केला होता, तो जेरोम या ख्रिस्ती लेखकामुळे आपल्याला कळतो. अडचण सोडवण्यासाठी कुणी ‘अजून’ घातलं असेल हे जास्त संभवतं. आधीच असलेलं ‘अजून’ कुणी काढून अडचण ओढवून घेईल हे कमी.

बचाव आणि आरोप, दोन्ही तोला

प्रत्येक बचावाला एक चाचणी लावा: हाच बचाव दुसऱ्या कुणासाठी तुम्ही मान्य कराल का? ‘त्याला पुढचं माहीत होतं’ हे वालीवधाला लावून पाहा, कुराणातल्या किंवा महाभारतातल्या प्रसंगाला लावून पाहा. तिथे पटत नसेल तर इथे का पटतं? आणि उलटही: येशूवर जो आरोप करता, तो आपल्या आवडत्या पुरुषोत्तमाला लावायची तयारी आहे का? आपल्याकडे हा खेळ एकतर्फी चालत आला, त्याचा इतिहासही आहे. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात पुराणांतल्या देवांच्या चारित्र्यावर पुस्तकं काढली. हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्याशी जाहीर वाद घालत होते. दोन्ही बाजूंनी समोरच्याचे दोष काढले आणि स्वतःची बाजू झाकली. ती कुस्ती पुन्हा लावायची नाही.

बिघडतं ते बहुतेक याच ठिकाणी. दुसऱ्या बैठकीला कुणीतरी नवा मित्र घेऊन येतो, त्याला धर्मांतरावर बोलायचं असतं, आणि अंजीर बाजूला राहतं. म्हणून पहिल्या बैठकीनंतर नवीन माणूस घेऊ नका. चित्रीकरण आणि ध्वनिमुद्रण बंद. फळ्याचा फोटोसुद्धा नको. ‘येशूचे दोष’ असा अर्धा कापलेला फोटो बाहेर गेला तर संदर्भ मागे राहतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे जुनं २९५ अ, जाणूनबुजून दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे. वाचनगट त्यात बसत नाही, पण असा फोटो फिरला तर तक्रार येणं अशक्य नाही. फादर किंवा पाळकांना बोलावत असाल तर वाचक म्हणून बोलवा, आरोपीचे वकील म्हणून उभं करू नका. त्यांतल्या बऱ्याच जणांना हे उतारे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.

दुसरी चूक वचनफेकीची. एकजण लूक १४:२६ टाकतो, आईबापांचा द्वेष करा म्हणून. दुसरा मत्तय १०:३७ टाकतो, माझ्यापेक्षा जास्त प्रीती करू नका म्हणून. दहा मिनिटांत सोळा वचनं होतात आणि एकही वाचून होत नाही. नियम करा: त्या दिवशीच्या कागदावर नसलेलं वचन टिपेच्या रकान्यात लिहायचं, उच्चारायचं नाही.

नोंद

शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येकाने स्वतःचा तक्ता भरायचा. पाच रकाने: उतारा, कोणत्या दाव्याला भिडतो, कोणती मोजपट्टी, सगळ्यात भक्कम बचाव एका वाक्यात, आणि निकाल. निकालाला तेच तीन शब्द: मिटली, अर्धी, उभी. चौथा रकाना आक्षेप घेणाऱ्याने भरायचा आणि बचाव करणाऱ्याने वाचून सही करायची. बचाव नीट मांडला गेला असं त्याला वाटलं नाही तर पुन्हा लिहायचा. यात वेळ जातो, जाऊ द्या. गटाचा एकत्र निकाल काढू नका, हात वर करून मतदान तर नकोच.

नरकाचे उतारे (मार्क ९:४३-४८, मत्तय २५:४६) या चार बैठकींत मुद्दाम घातलेले नाहीत. कायमच्या शिक्षेची शिकवण देणारा माणूस नैतिक आदर्श ठरतो का, हा प्रश्न वरच्या सगळ्यांपेक्षा मोठा आहे, पण तो तिसऱ्या दाव्याचा आहे, आणि त्यासाठी ‘सार्वकालिक’ म्हणजे किती, शेओल (मृतांचं जग) काय, गेहेन्ना (नरकासाठीचा शब्द) कुठली, इतकं आधी वाचावं लागतं. चार बैठका नीट झाल्या असतील आणि तेच सगळे जण पुन्हा यायला तयार असतील तर त्यासाठी वेगळ्या दोन बैठका ठेवा. पहिल्या बैठकीआधी मत्तय २५ पूर्ण वाचून यायला सांगा. शेवटची सोळा वचनं तेवढी वाचून आलेला माणूस लगेच ओळखू येतो.